आठ सेकंद

केलेनच्या बँडचं नवं गाणं चार्टवर अकराव्या नंबरला येऊन अडलं होतं. आजवरच्या तीन अल्बमांतलं एकही गाणं पहिल्या दहात शिरलं नव्हतं.

"ॲपवर तीस सेकंद ऐकल्याशिवाय गाणं ऐकलं असं मोजतच नाहीत रे!" मॅनेजर ब्रेंडा करवादली. "आणि तुमचं गाणं सुरू व्हायलाच आठ सेकंद! तुमच्याच जोलिएट गावातलं कुणी येडं रोज दोनशे वेळा लावतं अन् आठव्या सेकंदाला बंद करतं. ती सुरुवात कापून टाकू."

केलेन हो म्हणणारच होता, पण थबकला.

"अकरावंच राहू दे."



त्या आठ सेकंदांत गिटार नव्हती. अपघातात गेलेल्या त्यांच्या ड्रमर डस्टिनने जोलिएटच्या घरच्या फोनवर ठेवलेला शेवटचा निरोप होता : "आई, निघालोय गं. दार लावू नकोस."