सोनेरी बाजू

"बाबा, कॉम्प्युटरला कार्ड दिसतच नाहीये." लेकीने, मुक्ताने, कार्ड रीडर बदलून पाहिला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला; पडद्यावरची चौकट आपली रिकामीच. श्रीरंगला त्या रिकाम्या चौकटीत आंबोलीचं धुकं दिसत होतं. कॅमेरा दिसला की तोंड फिरवणारी त्याची बायको त्या धुक्यात एकदाच मोकळी हसली होती. ते हसू फक्त या मेमरी कार्डात होतं, आणि परवा तिचं वर्षश्राद्ध.

"मागच्या सोनेरी पट्ट्यांवर लाल काहीतरी चिकटलंय. पुसू का?"

"थांब!"

धुकं सरलं आणि त्याच्या डोळ्यांपुढे खंडेनवमीची सकाळ उजाडली. पाटावर कॅमेरा, लेन्स, झेंडूची फुलं. "हे इवलंसं काय हो?" बायकोने विचारलं होतं. "सगळे फोटो यातच साठतात." "मग पहिला मान याचा." काळी बाजू तिला रुचली नाही, कार्ड उलटं करून तिने सोनेरी बाजूला ओलं कुंकू टेकवलं. तो खो खो हसला होता.

पट्ट्यांवर तिच्या बोटाचा ठसा होता. ती दिसायला हवी, तर तो पुसायलाच हवा. बराच वेळ तो कार्ड तळहातावर घेऊन बसला. मग कापसाने एकेक पट्टी हळूच पुसली आणि कार्ड मुक्ताच्या हाती दिलं.

"आली! बाबा, आई आली!"

श्रीरंग देवघरापाशी होता. तो लालसर कापूस त्याने तिच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवला, झाकण लावलं आणि मगच पडद्यावरच्या तिच्याकडे वळला.