लवकरच येणाऱ्यांची यादी

“जगातला प्रत्येक अन्याय आधी यादीत होतो!” असं सुश्रुतने गरजून सांगितलं, तेव्हा त्याच्या बनियनवर आमटी सांडलेली होती आणि ऐकायला फक्त आई होती.

तीन वर्षं खपून त्याने आट्यापाट्यांचा मोबाइल गेम केला होता. ऑनलाइन दुकानाने आज ‘लवकरच येत आहे’ची यादी लावली. तीत बेडकांच्या शर्यतीचे चार गेम होते, त्याचा नव्हता. यादीत नाव नाही, तर शुक्रवारी गेम आला काय नि न आला काय, कुणाला कळणार?

त्याने दुकानाच्या मदतकेंद्राला फोन लावला.

“सर, आम्ही आपणहून कुणालाच जाहीर करत नाही. गेमवाले सांगतील तेवढेच. तुमच्या अर्जात ‘आधी जाहीर करू नये’ असं आहे. बदलायचं तर पाचपर्यंत बदला.”

पाच वाजायला सहा मिनिटं होती. अर्ज शुभहस्ते व्हावा म्हणून त्याने तो आईकडूनच भरून घेतला होता.

“आई, तू ‘नको’ म्हणालीस?”

“मग? तू पोटात होतास, तेव्हाही पाचव्या महिन्यापर्यंत शेजारणीला कळू दिलं नव्हतं. दृष्ट लागते.”

“अगं, शेजारणीला कळलंच नाही, तर गेम घेणार कोण?”

त्याने अर्ज उघडला; वर गेमचं चित्र होतं, पाटी ओलांडून पळणारी एक पोर. सुश्रुतचं बोट ‘जाहीर करा’वर टेकणार, तोच आईने त्याचं मनगट धरलं. चार मिनिटं उरली होती.

“दाब हो, अडवत नाही,” ती म्हणाली. “पण आधी त्या चित्रातल्या पोरीच्या गालाला एक तीट लाव.”