तीनशे किलोमीटरवरचा निळा दिवा

दूरच्या केंद्रातला कंपनीचा सर्व्हर अडला की तीनशे किलोमीटर बर्फातून गाडी हाकायची, तिथल्या पहारेकरी ऑर्विलच्या हातावर लोणी-साखरेचे गोड बटर टार्ट ठेवायचे, बटण दाबून तो पुन्हा सुरू करायचा आणि परत यायचं. डोरीनचे सहा हिवाळे असेच गेले. आज तो पुन्हा अडला, आणि नेमका संध्याकाळी लेकीचा हॉकीचा सामना. नव्या एपीआयनं, म्हणजे सर्व्हरशी दुरून बोलायच्या सोयीनं, म्हणे थंडर बे शहरातल्या घरूनच सुरू व्हायचा हुकूम सोडता येतो. तिने तीनदा सोडला, तीनदा उत्तर आलं: परवानगी नाही. “गाडी काढ नि निघ आता,” फोनवर ऑर्विल म्हणाला. हुकूम नीट वाचून तिने कपाळावर हात मारला. नमुन्यावरून उतरवलेल्या हुकुमात ‘इथे तुमचा पासवर्ड लिहा’ हे तसंच राहिलं होतं. खरा घालताच ऑर्विल ओरडला, “झाला गं सुरू.” मग तिने घरूनच, उगाचच सर्व्हरवरचा निळा दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. “पुरे गं, डोळे दिपले. म्हणजे आता टार्ट बंद?” “रविवारी आणते. दिवा मलाही बघायचाय.”