धोंडुबाईची हरकत

धरमतरच्या खाडीकाठी बापाची खारशेती. त्यातला आपला वाटा जनूनं कंपनीला विकायला काढला. पण कायद्यानं परक्याच्या आधी बहिणीला विचारावं लागतं, आणि धोंडुबाईनं हरकत घेतली.

"तुम्हाला घ्यायचाय का तो वाटा?" पेणच्या वकिलानं विचारलं.

"नाय ओ, माझी कुठली ऐपत!"

"मग हरकत कशाला?"

"त्याबिगर तो माझ्या दारात यायचा नाय. बांध फुटला तवा भांडलो, त्या वर्सापासून बोलत नाय."

जनू आला. तिनं त्याच्या आवडीचं, खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण रांधून पाट मांडला होता. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"बाय, हरकत नाय म्हणून या कागदावर अंगठा दे."

तिनं दिला. आता तिला विचारावं असं त्याच्याकडं काहीच उरलं नव्हतं.