बाथरूमची डावणी

"डावणी हाय ही," बाथरूमच्या काळ्या भिंतीवर बोट घासून धोंडाबाईंनी निदान केलं. "आमच्या द्राक्षावर जी बुरशी पडती ना, तिचीच बहीण. चार दिवसांत घालवते आन् मग जाते शेळगावला."

बोलून बसल्या खऱ्या. बाईच तशी; आधी शब्द, मग विचार. बारामतीत कालव्याकडेला मुलाचा हा फ्लॅट. बाथरूमला ऊन म्हणून नाही, भिंत कायम ओली. सून प्राची फिनेल, सोडा, ब्रश, सगळं करून थकली होती. सासूबाईंनी मात्र गावाकडून मोरचूद मागवला, चुन्यात कालवला आणि हातपंपानं भिंतीवर फवारला. आठव्या दिवशी काळं निम्म्यावर आलं.

तेव्हा धोंडाबाईंना शेळगाव आठवलं. त्यांना जायचं नव्हतंच. नवरा गेल्यापासून शेळगावात बोलायला एक म्हैस होती, तीही विकलेली. इथं प्राची सकाळची शाळा शिकवून आली की दोघी मिळून जेवायच्या, भाजी निवडत गप्पा हाणायच्या, संध्याकाळी कालव्यावर फिरायच्या. इतकं सुख त्यांना कधी ठाऊक नव्हतं. पण "मला राहू दे" असं आपल्या तोंडानं कसं म्हणायचं?

मग मूठभर मोरचुदाच्या जागी चिमूटभर पडायला लागला. आणि काय सांगावं, भिंत पुन्हा काळी! तीही अशी झपाट्यानं की धोंडाबाई स्वतःच चकित.

"लई चिवट जात हाय बया ही," त्या चेहरा पाडून सांगायच्या.

प्राची शाळेतून आली की पहिली बाथरूममध्ये डोकवायची. "काय म्हणतीय डावणी, आत्या?"

"हाय अजून."

"बरं," म्हणून ती ताटं घ्यायची.

असे दोन महिने मजेत गेले.

एका सकाळी स्वयंपाकघरातून प्राचीचा आवाज कानावर आला. नवऱ्याला, अविराजला, विचारत होती, "आत्या कधी जायच्या म्हणतात हो? एकदाचं विचारून घ्या ना. रोजची धाकधूक नको मला."

"भिंत झाली की जाईल," अविराज म्हणाला. "शब्दाची पक्की हाय आई."

धोंडाबाईंना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पोरीला आपण नकोसे झालो आणि आपण निलाजऱ्यासारखं बसलोय! त्या दिवसापासून मोरचूद पुरता पडला. दिवसातून दोनदा फवारणी, वर घासणी. रविवारपर्यंत भिंतीवर ठिपका उरला नाही.

"गेली बघ डावणी," पिशवीत लुगडी भरत त्या म्हणाल्या. "सकाळच्या एसटीनं निघते मी."

प्राचीनं एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा पिशवीकडं. बाथरूममध्ये शिरली आणि दार लोटून घेतलं.

आतून पाणी आपटल्याचा आवाज यायला लागला. थांबेचना. धोंडाबाईंनी घाबरून दार ढकललं. अंगावरची चांगली साडी चिंब भिजली होती आणि प्राची रडत रडत त्या स्वच्छ भिंतीवर तांब्यामागून तांब्या पाणी मारत होती.

"बघत काय उभ्या राहिलाय, आत्या? दोन महिने एकटीच मारतीय मी. आता तुमी पण घ्या की एक तांब्या!"