खंडेनवमीची डिस्क

हरिदासकाकांनी हार्ड डिस्कवर पंचामृताची पळी उपडी केली तेव्हा लुंबिनी फोनवर बोलत होती. ती ओरडेपर्यंत दुसरी पळीही झाली होती.

"काका, अहो काय केलंत हे!"

"खंडेनवमी आहे गं आज," काका शांतपणे हळदकुंकू वाहत म्हणाले. "कानस, हातोडी, साचे, सगळ्यांची पूजा झाली. हिच्यात तर आपल्या सगळ्या पायांची मापं. हिचा मान पहिला."

गाझियाबादमधल्या काकांच्या छोट्या कारखान्यात मुलांसाठी कृत्रिम पाय बनत. गावोगावच्या दवाखान्यांतून, घरांतून मापं मेलवर येत, पाय कुरियरने जात, आणि तिथले डॉक्टर ते बसवून देत. पोर वाढलं की नवा पाय. जुनं माप हाताशी असलं तर नुसती वाढलेली उंची कळवून भागे. नसलं, तर आईबापांनी पोराला पाठंगुळीला घेऊन शहर गाठायचं आणि पहिल्यापासून सगळं मोजून घ्यायचं.

ती मापं सांभाळणं लुंबिनीचं काम. मेलचा सर्व्हर जुना, त्याचं पोट लहान. चार मेल जास्त आले की 'जागा संपत आली'ची लाल पट्टी झळकलीच म्हणून समजा. नवा घ्यायचा विषय निघाला की काका चष्मा पुसायला लागत. म्हणून नोकरीला लागल्या लागल्याच तिने एक नियम लावून टाकला होता. मेल फार जड असला की सर्व्हर तो आत घेतच नसे, परस्पर पाठवणाऱ्याकडे परत करी. इथे कुणाला पत्ताही लागत नसे. मापांचे मेल हलके, त्यांचं काही अडत नव्हतं.

तरी सर्व्हर भरलाच. मग काल तिने सगळी जुनी मापं डिस्कवर उतरवली आणि सर्व्हरवरून पुसून टाकली. बॅकअप झाला म्हणून बाईसाहेब खूश! अहो, माळ्यावरचं सामान कपाटात ठेवलं म्हणजे त्याचे दोन नग होतात का? पण हे शहाणपण सुचलं ते पंचामृतानंतर.

दिल्लीत नेहरू प्लेसच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क उघडली, आत थिजलेलं दही पाहिलं आणि चक्क हात जोडले. परत येताना मेट्रोत लुंबिनीला रडू आवरेना. कुठली कुठली पोरं डोळ्यांपुढे येत होती, आणि तिने त्यांतल्या एकालाही पाहिलं नव्हतं.

"चूक दोघांची आहे," काका म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"सगळ्यांना मेल करते काका. त्यांनी पाठवलेली मापं त्यांच्याकडे असतील अजून. पत्ते आहेत आपल्याकडे."

"कर. पण उत्तर कोण देणार? पाय मिळाला की आपण कोण आणि ते कोण! इतक्या वर्षांत एकाने तरी कळवलं, की पोर चालायला लागलं म्हणून?"

खरंच होतं ते. इतके पाय इथून गेले, पण त्यांतला एकही चालताना कारखान्यात कुणी बघितला नव्हता. काकांना ते फार लागायचं. चिडून बोलत, एवढंच.

लुंबिनीने आडपडदा न ठेवता लिहिलं. चूक आमची आहे, तुमची मापं आमच्याकडून गेली, जे काही असेल ते सगळं पाठवा. आणि येणाऱ्या एकाही मेलची वाट अडू नये म्हणून तिने तो जड मेलचा नियमही काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं तर मेल येतच होते. मापं होती! एकामागून एक, ओळखीच्या नावांची. लुंबिनीचा जीव भांड्यात पडला. मग एक मेल उघडायला वेळ लागला. आत व्हिडिओ होता. एक मुलगी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती.

"थांब, थांब," काका खुर्ची ओढत म्हणाले. "तो घोटा बघ. आतून जरा जास्त घासलेला. अगं, हा माझा आहे! मी केलाय तो!"

दुसरा उघडला. एक मुलगा भावाशी भांडत गच्चीचा जिना चढत होता. तिसऱ्यात कुणाची तरी वरात, आणि घोड्यापुढे नाचणाऱ्या पोरांत मधोमध नाचणारा एक पाय काकांचा. लेथवरचा दीनानाथ मशीन बंद करून दारात येऊन उभा राहिला. "बाप रे," एवढंच म्हणाला तो. पडद्यावर पोरं चालत होती, पळत होती, पडत होती, उठत होती. काल पूजेच्या वेळी काढल्या होत्या तशा काकांनी चपला काढल्या आणि बाजूला सारल्या.

तेवढ्यात लाल पट्टी झळकली. जागा संपत आली. लुंबिनीचा हात सवयीने माऊसकडे गेला.

"खबरदार काही पुसलंस तर! आजच नवा सर्व्हर घेऊ," काका म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "पण लुंबिनी, इतकी वर्षं यांनी हे का नाही गं पाठवलं?"

दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुलीच्या आईने, यवतमाळहून, व्हिडिओखाली दोन ओळी लिहिल्या होत्या. लुंबिनीने त्या आता वाचल्या, आणि तिच्याच्याने मोठ्यांदा वाचवेनात. तिने स्क्रीन काकांकडे वळवला.

"ताई, दरवर्षी पाठवते, दरवर्षी वापस येतो. या वेळी तरी पोचला का?"