थांबलेलं चाक

माणसाची पारख त्याच्या चाकाच्या बेअरिंगवरून करावी, असं दाजी चारचौघांत सांगत. त्यांच्या स्वतःच्या, बोट वाहून न्यायच्या ट्रेलरच्या बेअरिंगमधलं ग्रीस मात्र त्यांच्या लग्नाइतकंच जुनं होतं.

सकाळी मेहुणा बोट न्यायला आला. बाहेर गाडीत मुलं बसली होती. घाट उतरून तलावावर जायचं होतं.

"दाजी, ग्रीस भरलंय ना?"

"म्हणजे काय," दाजी म्हणाले आणि आपले स्वच्छ हात पाठीमागे लपवले.

मेहुण्याने जॅकवर चाक उचललं, फिरवलं आणि कान लावला. आत खरखर होत होती. त्याने चाक हाताने थांबवलं. खरखर थांबली नाही.

त्याने चाकाच्या मधोमध हबला बोट लावलं आणि झटकन काढलं. "तापलंय हो. आत्ताच कुठून आलाय का ट्रेलर?"

"वर्षभर शेडमधून हललेला नाही."

खरखरीचा वेग वाढू लागला, उतारावर वाढतो तसा. चाक जागच्या जागी होतं. दाजींचे कान लाल झाले. मान वर होईना.

"भरलं नाही रे ग्रीस," ते पुटपुटले. "नाही म्हणायची लाज वाटली. तू नेऊ नकोस ट्रेलर."

मेहुणा रागावला नाही. त्याने दोन्ही हातांनी मडगार्ड घट्ट धरला होता आणि वळणावर झुकतात तसा तो एका बाजूला झुकला होता.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "पुढे जागा दिसली तर जरा थांबवता का? मला उतरायचंय."